संदर्भसूची कुणी तपासायची?

व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन या तिघांनी २००० साली शास्त्रीय लेखनाच्या कलेवर एक निबंध लिहिला आणि तो ‘जर्नल ऑफ सायन्स कम्युनिकेशन्स’च्या १६३व्या खंडात पृष्ठ ५१ ते ५९वर छापून आला, असं सांगणारी एक ओळ शेकडो शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत आहे. असा निबंध कधीही लिहिला गेलेला नाही. ते नियतकालिकही खरं नाही. एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा मांडावा हे दाखवायला ही ओळ नमुना म्हणून रचली होती. लायडन विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना ती खटकली आणि संशोधक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली तिचा माग काढून सविस्तर लिहिलं. उल्लेखांची नोंद ठेवणाऱ्या ‘वेब ऑफ सायन्स’मध्ये या नसलेल्या निबंधाच्या नावावर तोवर जवळजवळ चारशे उल्लेख जमा झाले होते. त्यातले बहुतेक परिषदांच्या निबंधसंग्रहांमधले होते. लेखकांनी प्रकाशकाचा साचा उतरवून घेतला, नमुन्याच्या ओळींवर आपले संदर्भ चढवले आणि ही एक ओळ पुसायची राहून गेली, असंच पुष्कळ ठिकाणी झालं असावं.

ती ओळ दिसायला निर्दोष होती. आडनावं आधी, आद्याक्षरं मागून, मग साल, मथळा, नियतकालिकाचं लघुरूप, खंड, पृष्ठं. लेखक, सहलेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक अशा सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली आणि कुणीही थांबलं नाही. संदर्भसूचीकडे बघण्याची आपली सवयच तशी झाली आहे. ओळीचं रूप ठीक असलं की नजर खालच्या ओळीवर सरकते.

माझं म्हणणं या सवयीविरुद्ध आहे. शास्त्रीय नियतकालिकासाठी हस्तलिखित तयार करताना संदर्भांच्या मांडणीवर जेवढा वेळ, पैसा आणि धाक खर्च होतो, त्याचा थोडासा भागही ‘हा संदर्भ खरा आहे का, आणि तो खरोखर असं म्हणतो का’ या प्रश्नावर खर्च होत नाही. मांडणीचं काम यंत्राकडे सोपवण्यासारखी परिस्थिती केव्हाच आली आहे. पडताळणी मात्र माणसालाच करावी लागते, आणि आजच्या व्यवस्थेत ती नेमकी कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. परीक्षक समजतो की लेखकाने केली असेल, संपादक समजतो की परीक्षकाने केली असेल, आणि लेखक आदल्या रात्री पूर्णविराम शोधत बसलेला असतो.

संदर्भ देण्याच्या या पद्धती कवायतीसाठी जन्माला आल्या नव्हत्या. हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांच्या वाढीवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात त्यांनी लेखकाच्या नावाला जोडून कंसात साल दिलं आणि हे आकडे प्रकाशनाचं वर्ष सांगतात, असा खुलासा तळटीपेत केला. आज आपण ज्याला हार्वर्ड पद्धत म्हणतो तिचा छापील माग इथपर्यंत नेता येतो. सोय उघड होती. हे कुणी आणि कधी म्हटलं, ते वाचणाऱ्याला मजकुरातून नजर न काढता कळतं. लिहिणाऱ्याला मध्येच एखादा संदर्भ वाढवावा लागला तर पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागत नाहीत.

क्रमांकांच्या पद्धतीची कथा तर याहून बोलकी आहे. १९७८च्या जानेवारीत कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक अनौपचारिकपणे जमले. तो काळ टंकयंत्राचा होता. एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवायचा तर अख्खी संदर्भसूची पहिल्यापासून टंकलिखित करावी लागे, कारण प्रत्येकाचा नियम वेगळा. या संपादकांनी आपसात एकवाक्यता करून एकसमान अटी तयार केल्या. १९७९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने घडवला होता. लेखकाच्या डोक्यावरचं ओझं संपादकांनी आपण होऊन कमी करायचं, हा त्यामागचा विचार. तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. संशोधक विद्यार्थ्यापुढे व्हँकुव्हर हे नाव घेतलं की त्याला आठवतं ते पहिल्या सहा लेखकांनंतर ‘आणि इतर’, सालानंतर अर्धविराम, खंडानंतर कंसात अंक, आणि यातलं काही चुकलं तर परत आलेलं हस्तलिखित.

संपादकांनी केलेली ती एकवाक्यता टिकली नाही. झोटेरो किंवा मेंडेली यांसारखी संदर्भ सांभाळणारी साधनं ज्या सामायिक संग्रहातून मांडणीचे नियम घेतात, त्यात आज दहा हजारांहून अधिक नियतकालिकांच्या शैली आहेत. त्यातल्या बऱ्याच एकाच मूळ शैलीवर बेतलेल्या आहेत, हे खरं. तरीही खंडाचा आकडा ठळक हवा की तिरपा, पृष्ठांचा शेवटचा आकडा पूर्ण द्यायचा की ११२–२० असा तोडून, नियतकालिकाच्या लघुरूपात टिंबं ठेवायची की नाहीत, अशा बाबींवर शेकडो वेगवेगळी मतं छापील नियम म्हणून उभी आहेत. जीवरसायनशास्त्राच्या वाचकाला टिंबं नकोत आणि वनस्पतिशास्त्राच्या वाचकाला हवीत, असं कोणतंही कारण कुणाला देता आलेलं मला माहीत नाही.

याची किंमत मोजण्याचा एक प्रयत्न झाला आहे. २०१९ साली ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना मांडणीवर किती वेळ जातो ते विचारलं होतं. उत्तरांचा मध्यक निघाला हस्तलिखितामागे १४ तास आणि माणशी वर्षाला ५२ तास. पैशांत धरलं तर माणशी वर्षाला १,९०८ डॉलर. यात आकृत्या, शब्दमर्यादा, मथळ्यांचे आकार हे सगळं आलं. सगळा वेळ संदर्भांचा नाही. आणि हे संशोधकांनी स्वतः सांगितलेले अंदाज आहेत. तरी वर्षाला ५२ तास म्हणजे कामाचा सव्वा-दीड आठवडा. एवढ्या वेळात सूचीतले किती निबंध पुन्हा एकदा नीट वाचून होतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठ्या संस्थेत ग्रंथपाल मदतीला असतो, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असतं, प्रयोगशाळेत आधीच्या विद्यार्थ्यांनी जमवलेला संदर्भसंग्रह असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्याच्या तासिकांचा पूर्ण भार सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापकाकडे यातलं बहुधा काहीच नसतं. झोटेरो फुकट मिळतं, २००६पासून मिळतं, पण ते वापरायला शिकवणारं कुणी भेटत नाही. मग वर्डच्या फाइलमध्ये हाताने क्रमांक टाकले जातात, पंधराव्या जागी एक संदर्भ वाढला की पुढचे साठ हाताने बदलले जातात, आणि शेवटी विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या डीटीपी सेंटरमध्ये प्रबंधाच्या टायपिंगबरोबर ‘रेफरन्स सेटिंग’ही करून घेतलं जातं. ज्याने एकही निबंध वाचलेला नाही असा माणूस संदर्भांची यादी अंतिम करतो. त्याने त्याचं काम चोख केलेलं असतं. आपण त्याला जे मागितलं ते रूप होतं आणि ते त्याने दिलं.

आता मांडणीच्या बाजूने जे म्हणता येतं ते पूर्ण म्हटलं पाहिजे, कारण ‘हे सगळं थोतांड आहे’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सूची एकसारखी असली की उणीव पटकन दिसते. चाळीस ओळींमध्ये साल आहे आणि एकेचाळिसावीत नाही, हे डोळ्याला लगेच जाणवतं. प्रत्येक ओळ वेगळ्या घाटाची असेल तर ती उणीव दडून राहते. दुसरं असं, की संदर्भातले घटक एकमेकांना सावरतात. पृष्ठ चुकलं तर मथळ्यावरून निबंध सापडतो, मथळ्यात चूक असली तर खंड आणि साल मदतीला येतात, आणि डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक, असेल तर तो थेट निबंधाच्या दारात नेऊन सोडतो. ‘फिजिकल रिव्ह्यू’सारख्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांत कागद वाचवण्यासाठी संदर्भातून निबंधाचा मथळाच गाळण्याची रीत होती. आडनाव, खंड, पान, साल, बस. त्यात एक आकडा चुकला की वाचणाऱ्याच्या हाती धरायला काही उरत नाही. म्हणजे संदर्भात काय काय असावं हा गंभीर प्रश्न आहे. ते कोणत्या क्रमाने, कोणत्या टिंबांनी आणि कोणत्या ठशात असावं हा छपाईचा प्रश्न आहे. आपण या दोन प्रश्नांची गल्लत केली. पहिल्या प्रश्नाचा सगळा मान दुसऱ्याला देऊन बसलो.

एक चुकलेला आकडा किती दूर जातो हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिखाईल सिम्किन आणि वाणी रॉयचौधुरी यांनी २००३ साली दाखवलं. भौतिकशास्त्रातला एक गाजलेला निबंध त्यांनी निवडला. त्याचे सुमारे ४,३०० उल्लेख झालेले होते. त्यात १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलं होतं. लोकांनी मूळ निबंध समोर ठेवून, आपापल्या हाताने ओळ लिहिली असती तर चुका निरनिराळ्या पडल्या असत्या. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ निघाल्या, आणि त्यातली एकच चूक तब्बल ७८ वेळा, जशीच्या तशी. एकाने चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याच्या सूचीतून ओळ उचलली. या हिशेबावरून त्यांनी अंदाज बांधला की मूळ निबंध उघडून पाहणारे फार तर पाचांत एक असावेत. या अंदाजावर वाद घालता येईल. ओळ दुसरीकडून उतरवून घेणाऱ्याने निबंध वाचलेलाच नसेल असं नाही. पण त्या ७८ ठिकाणी हस्तलिखितं परीक्षकांकडे जाऊन आली, संपादित झाली, शैलीप्रमाणे सजली आणि छापली गेली, हे निर्विवाद आहे. त्या सगळ्यांची टिंबं तपासली गेली असणार.

चुकलेला पान-क्रमांक फार तर वाचकाचा वेळ घेतो. संदर्भातला अर्थ चुकला की माणसं मरतात, असं म्हणणं एका प्रकरणात तरी अतिशयोक्ती ठरत नाही. १९८०च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूवर्गीय औषध किमान एकदा दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नीट नोंदलेली उदाहरणं सापडली, एवढंच त्यात होतं. रुग्णालयातल्या देखरेखीखालचे रुग्ण, आणि घरी गेल्यावर त्यांचं काय झालं याची पाहणी नाही. ते पत्र होतं, अभ्यास नव्हता. पुढल्या दशकांत या पाच वाक्यांवर बघता बघता एक मत उभं राहिलं, की वेदनेसाठी ही औषधं दीर्घकाळ दिली तरी व्यसन क्वचितच लागतं. २०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या उल्लेखांचा हिशेब प्रसिद्ध झाला. एकूण ६०८ उल्लेख सापडले. त्यातल्या ४३९ निबंधांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, हे पत्र व्यसन विरळा असल्याचा पुरावा म्हणून दिलं होतं. आणि ४९१ निबंधांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखही केला नव्हता. अमेरिकेतल्या अफूवर्गीय औषधांच्या साथीला अनेक कारणं आहेत. औषध कंपन्यांच्या विक्रीचा वाटा त्यात मोठा आहे. पण त्या विक्रीला शास्त्राचा आधार आहे असं भासवण्याचं काम या उल्लेखांनी केलं. पत्राचं साल बरोबर, खंड बरोबर, पान बरोबर. शैली पाहणाऱ्या कोणत्याही डोळ्याला तिथे बोट ठेवायला जागा नव्हती.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांतल्या उल्लेखांची मूळ निबंधांशी ताडणी करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली ‘पीअरजे’मध्ये आला. सुमारे चौथा हिस्सा उल्लेखांत मूळ निबंध आणि त्याच्या नावावर केलेलं विधान यांत कमी-अधिक तफावत होती. आपल्याकडच्या वनौषधींवरच्या हस्तलिखितांत याचा नेहमीचा नमुना पाहायला मिळतो. प्रस्तावनेत वाक्य असतं, की अमुक वनस्पतीच्या अर्काने मधुमेह आटोक्यात येतो, आणि पुढे चौकटी कंसात १७. सतरावा संदर्भ उघडावा तर प्रयोग उंदरांवरचा, अर्क पानांऐवजी सालीचा, आणि मूळ लेखकांनी निष्कर्षात ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं म्हणून ठेवलेलं. तपासायला पाच मिनिटं लागतात. डीओआय टाकायचा, सारांश वाचायचा, मग पद्धतीचा भाग, मग ज्या वाक्यासाठी आपण हा निबंध पुढे केला ते वाक्य त्यात शोधायचं. ते सापडलं नाही तर एक तर आपलं वाक्य बदलायचं, नाही तर संदर्भ काढायचा. हे काम कोणतीही शैली करवून घेत नाही.

आणि आता तर रूपावर विसंबण्याचा उरलासुरला आधारही गेला आहे. पूर्वी नीट मांडलेल्या संदर्भाला थोडी तरी किंमत होती. एवढं सगळं बिनचूक लिहायला कुणीतरी निदान एक सूची तरी उघडलेली असायची. भाषा घडवणारी यंत्रं आल्यापासून तसं समजायला जागा नाही. ही यंत्रं हव्या त्या शैलीत, हव्या तितक्या ओळी क्षणात देतात, आणि नसलेल्या निबंधाची ओळही असलेल्या निबंधाइतकीच सुबक असते. २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत चॅटजीपीटीच्या आधीच्या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि नंतरच्या आवृत्तीने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नसलेल्या लेखनाचे निघाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीविरुद्धच्या एका खटल्यात वकिलांनी न्यायालयापुढे ठेवलेले पूर्वनिवाडे यंत्राने रचलेले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. तिथे निदान समोरच्या पक्षाचा वकील तो निवाडा शोधायला बसला होता. शोधनिबंधाला समोरचा पक्ष नसतो. यंत्रं सुधारतील, हे प्रमाण खाली येईल. पण सुबक ओळ म्हणजे तपासलेली ओळ हे गणित आता जुळणारं नाही.

मांडणीच्या साच्यात आणखी एक गोष्ट हरवते, आणि ती आपल्या अगदी जवळची आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डाळींमधल्या नायट्रोजनयुक्त घटकांवर काम केलं; श्रीनिवासय्या यांच्यासह ते १९३५ साली ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आलं. केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. रॉबिन हिल यांच्यासह वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा त्यांचा निबंध ‘न्यू फायटोलॉजिस्ट’च्या ५०व्या खंडात १९५१ साली छापला गेला, तो ‘भागवत के.’ याच नावाने, जरी १९४७ साली लग्न होऊन त्या कमला सोहोनी झाल्या होत्या. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर आणि कडधान्यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम सोहोनी या नावाखाली आहे. आडनाव आणि आद्याक्षर एवढंच मागणाऱ्या सूचीला या दोन बाई वाटतात. भागवत हे आडनाव रोमन लिपीत ‘व्ही’ने लिहायचं की ‘डब्ल्यू’ने, यात आणखी फाटे फुटतात. एका बाईच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सलग संशोधनाचे तुकडे अनोळखी असल्यासारखे निरनिराळ्या ठिकाणी पडून राहतात. ज्यांच्या नावात आडनावच नसतं, वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचं आद्याक्षर असतं, अशा दक्षिण भारतीय संशोधकांची तर प्रत्येक शैली वेगळी वासलात लावते. २०१२पासून ऑर्किड या व्यवस्थेत प्रत्येक संशोधकाला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. हा उपाय चांगला आहे. जिवंत माणसांना तो उपयोगी पडेल. जुन्या कामासाठी मात्र कुणीतरी बसून नावं जुळवावी लागतात. असा माणूस मिळणं टिंबं बघणारा मिळण्यापेक्षा फार कठीण आहे.

मराठी साधनं इंग्रजी नियतकालिकात द्यायची वेळ आली की ही अडचण दुणावते. शके १८०३ला छापलेलं पुस्तक १८८१चं म्हणायचं की १८८२चं? चैत्रात निघालं असेल तर एक, माघात निघालं असेल तर दुसरं, आणि मुखपृष्ठावर महिना नसतो. शैलीला एकच साल हवं असतं. मग अभ्यासक ७८ मिळवून मोकळा होतो आणि मूळ शकाची नोंद पुसली जाते. माझ्या मते अशा ठिकाणी शैली मोडावी, दोन्ही सालं द्यावीत आणि संपादकाशी त्यासाठी भांडावं. वाचकाने ते पुस्तक ग्रंथसंग्रहालयात मागितलं तर मुखपृष्ठावरचं साल हेच त्याच्या कामाचं असतं.

ही सगळी शिस्त बाहेरून आलेली आहे आणि आपल्याला ती जमणारच नाही, असा एक सूर कधीमधी ऐकू येतो. तो खरा नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदींखाली संदर्भ आणि लेखकाचं नाव देण्याचा पायंडा आहे. आणि पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. तिचे संपादक वि. सी. सुखटणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक श्लोकाखाली कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे हे एकेका अक्षराच्या आणि आकड्याच्या खुणेने दिलेलं आहे. त्या खुणा अतिशय आटोपशीर आहेत, एका ओळीत दहा-पंधरा पोथ्या बसतात. पण प्रत्येक खुणेमागे ती पोथी कुठली, कोणत्या लिपीतली, तिचं महत्त्व किती, हे प्रस्तावनेत सांगितलेलं आहे, आणि ती पोथी कुणीतरी प्रत्यक्ष वाचून, ताडून मगच ती खूण केली आहे. तिथे मांडणी पडताळणीच्या सेवेला आहे. आज आपल्या विज्ञान नियतकालिकांत हा संबंध उलटा झाला आहे.

तो सुलटा करण्यासाठी काय करावं, याबद्दल माझी मतं स्पष्ट आहेत. पहिल्यांदा पाठवलेल्या हस्तलिखितात संदर्भ कोणत्याही एका, सुसंगत पद्धतीने दिलेले असले की पुरेत. शैलीच्या कारणावरून कोणतंही हस्तलिखित परीक्षणाआधी परत जाऊ नये. काही प्रकाशकांनी हे सुरू केलेलंच आहे. ज्यांच्या नमुन्याच्या ओळीपासून हा लेख सुरू झाला त्या एल्सव्हिअरच्याच अनेक नियतकालिकांत आज ‘युअर पेपर, युअर वे’ या नावाने ही मुभा मिळते. लेख स्वीकारल्यावर तो नियतकालिकाच्या घाटात बसवणं हे प्रकाशकाचं काम आहे. छपाईचे पैसे त्याला मिळतात. लेखकाकडून मागायचं ते एवढंच, की सर्व घटक पूर्ण असावेत, डीओआय असेल तिथे तो द्यावा, आणि प्रत्येक संदर्भ आपण स्वतः उघडून पाहिला आहे असं सहीनिशी लिहून द्यावं. दुसऱ्याच्या सूचीतून घेतलेला असेल तर तसं सांगावं. त्यात कमीपणा काही नाही.

परीक्षकांना वेळ नाही आणि त्यांना मोबदलाही मिळत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. अख्खी सूची त्यांनी तपासावी असं मी म्हणणार नाही. पण निबंधाचा डोलारा ज्या तीन-चार संदर्भांवर उभा असतो ते कोणते, हे विषय जाणणाऱ्या परीक्षकाला वाचतानाच कळतं. तेवढेच उघडावेत. अस्तित्वात नसलेले, मागे घेतलेले निबंध शोधायला माणूस लागतच नाही. १९९८चा वेकफील्ड यांचा लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, तो आज सूचीत आला तर झोटेरो आपण होऊन लाल खूण दाखवतं, कारण २०१९पासून ते ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या नोंदींशी जोडलेलं आहे. हस्तलिखित दाखल होतानाच अशी चाळणी लावणं संपादकीय कार्यालयाला सहज शक्य आहे.

आपल्या विद्यापीठांची जबाबदारी मला याहून मोठी वाटते, कारण सवय तिथे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी साम्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घातली आणि तेव्हापासून प्रबंध दाखल करणाऱ्या विद्यार्थ्याची सगळी काळजी त्या एका आकड्याभोवती गोळा झाली. त्या मोजणीतून संदर्भसूची वगळलेली आहे, आणि ते बरोबरच आहे. निबंधाचं नाव दोन ठिकाणी सारखंच असणार. पण परिणाम असा झाला की प्रबंधातल्या ज्या पंधरा-वीस पानांकडे सॉफ्टवेअर बघत नाही, त्यांच्याकडे आता कुणीच बघत नाही. मार्गदर्शकाच्या सहीआधी त्या पानांवरून कुणाचं तरी बोट फिरायला हवं.

यासाठी नवा अध्यादेश लागत नाही. संशोधन समितीपुढे सहामाही प्रगती अहवाल ठेवायला विद्यार्थी येतो, तेव्हा त्याने तोवरच्या सूचीतले दहा महत्त्वाचे निबंध मूळ स्वरूपात, लॅपटॉपवर किंवा छापील, बरोबर आणावेत. समितीतल्या एकाने त्यातले कोणतेही दोन उघडावेत, अहवालातलं विद्यार्थ्याचं वाक्य वाचून दाखवावं, आणि हे इथे कुठे म्हटलं आहे ते दाखवायला सांगावं. वाक्य सापडलं नाही तर विद्यार्थ्याला झापण्याचं कारण नाही. तिथेच बसून दोघांनी ते दुरुस्त करावं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि येत्या बैठकीपासून सुरू करता येईल.